जुनी घरे पाहताना छपराकडेही पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातील जुन्या घरांवर सचित्र पान आले. झुंबरे, शिसवी खुर्च्या, चिनी मातीची भांडी, सगळे छान टिपले होते. पण ही घरे पाहायला जावे कसे, आत वावरावे कसे आणि दर पावसाळ्यातून ती तगून बाहेर येतात ती कशाच्या बळावर, याबद्दल त्या पानात एक ओळही नव्हती. आम्ही जुन्या घरांच्या डागडुजीची कामे करतो. पर्यटकांच्या उपयोगाचे आणि असे घर ज्यांच्या वाट्याला आले आहे त्यांच्याही उपयोगाचे काही लिहावे, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण जमल्यास न कापता छापावे.

पुरवणीने या घरांना 'संग्रहालय' म्हटले आहे. त्यांत माणसे राहतात. मडगावपासून साधारण 13 किलोमीटरवर चांदरला चर्चसमोर जे लांबलचक ब्रागांझा घर दिसते, त्याच्या एकाच दर्शनी भिंतीमागे दोन घरे आहेत. पश्चिमेचा भाग मिनेझिस ब्रागांझांचा, पूर्वेचा परेरा ब्रागांझांचा. बाहेरून रेषाही दिसत नाही, त्यामुळे बरेच लोक एक बाजू पाहून, एकदा देणगी देऊन 'घर झाले' म्हणत परततात, किंवा दुसऱ्या दारात 'आम्ही दिले आहेत' म्हणून हुज्जत घालतात. दोन्हीकडची देणगी वेगळी, दाखवणारी माणसे वेगळी, फोटोचे नियमही वेगळे. सुटे पैसे रोख न्यावेत, माणशी किती ते दारात विचारावे आणि दोन्ही भाग पाहावेत. पश्चिमेला सुमारे 5,000 पुस्तकांचा संग्रह आहे. पूर्वेला संगमरवरी फरशीचा नाचाचा दिवाणखाना आहे आणि घरचे खासगी कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर, ज्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे नख जपून ठेवले आहे. एक बाजू सोडली की अर्धा इतिहास सुटतो.

पश्चिमेकडच्या पुस्तकांसमोर मराठी वाचकाने जरा जास्त वेळ थांबावे. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) या घरचे. 1900 मध्ये सुरू झालेल्या 'ओ हेराल्दो' या दैनिकाच्या स्थापनेत ते होते, पुढे 1911 मध्ये त्यांनी 'ओ देबाते' काढले. 1930 मध्ये पोर्तुगालने वसाहतींसाठी 'आक्तु कोलोनियाल' हा वसाहत कायदा आणला, तेव्हा गोव्याच्या कौन्सिलात उभे राहून गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारा ठराव त्यांनी आणला. 1928 मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा जन्मही चांदरचाच. पणजीतल्या संस्थेला मिनेझिस ब्रागांझा हे नाव का आहे, ते या घरात उमगते. पुरवणीत मात्र झुंबर बेल्जियमचे एवढेच होते.

देणगी मागतात म्हणून काही पाहुणे नाक मुरडतात. ही घरे भाताच्या खंडावर आणि नारळाच्या पाडपावर, म्हणजे काढणीवर, उभी राहिली. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती यांनी भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन कसणाऱ्या आणि राहणाऱ्या माणसाकडे गेली. ते योग्यच झाले, आमच्या मते ते त्याआधीच व्हायला हवे होते. पण जमीन गेली तरी छप्पर तेवढेच राहिले. त्यात पोर्तुगीज नागरी कायद्याने वारसा सगळ्या मुलामुलींत सारखा वाटला जातो. चौथ्या पिढीला एका घराचे वीस-पंचवीस सहमालक होतात, कोणी लिस्बनला, कोणी टोरांटोला, कोणी अंधेरीला. आढे बदलायला सगळ्यांची संमती हवी आणि खर्चाला मात्र जो घरात राहतो तो एकटा. दाराशी दिलेली नोट कुठे जाते, हे समजून घ्यायचे असेल तर छपराचा हिशेब करावा.

मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण 15 लागतात. जमिनीवर 800 चौरस मीटर जागा झाकणारे छप्पर धरा, आणि मोठी घरे याहून मोठी असतात. उतार न धरताही 12,000 कौले झाली. कोरडे कौल सुमारे अडीच किलोचे, म्हणजे 30 टन वजन वाशांवर, ओली झाली की त्याहून जास्त. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा या एका छपरावरून हंगामात 24 लाख लिटर पाणी वाहते. शंभरात तीन कौले जरी तडकली तरी 360 ठिकाणी पाणी आत येण्याची सोय झाली. म्हणून एप्रिल-मेमध्ये शाकारणी चुकवायची नसते. कौले काढायची, शेवाळ ब्रशाने खरवडायचे, तडकलेली बाजूला टाकायची, रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) तपासायच्या, पुन्हा बसवायची. तडकलेले कौल डोळ्यांना दिसतेच असे नाही. बोटाच्या पेराने वाजवून पाहावे, चांगले कौल खणखणते, तडकलेले बद्द बोलते. कौलावर पाय देताना तो दोन कौलांच्या जोडावर, खाली रिप असेल तिथे द्यावा. मधोमध दिला तर शाकारणी करणाराच नवी गळती करून खाली उतरतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो दोन छपरांच्या मधल्या पन्हळीत. आंब्याची पाने तिथे साचतात, पहिल्या जोराच्या सरीत पाणी तुंबते आणि कौलांच्या खालून मागे भिंतीवर चढते. भिंतीत घातलेली तुळईची टोके तिथे भिजतात, कुजतात, मग वाळवी येते. तुळई वरून धडधाकट दिसते आणि टोकाला पोकळ झालेली असते. घरमालकांनी दर महिन्याला टोकाशी पेचकस टोचून पाहावा. सहज आत गेला तर सुताराला बोलवायची वेळ झाली. तुळई बदलताना टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडावी, म्हणजे हवा खेळते. सिमेंटने चेपून टाकलेले टोक दहा वर्षे काढत नाही.

हे सगळे दिवाणखान्यातून थोडे दिसते. झुंबराकडे पाहून झाल्यावर नजर आणखी वर न्यावी. छताच्या कोपऱ्यात पिवळट गोल डाग आहे का, भिंतीवर मातीची बारीक नळी चढली आहे का. नळी दिसली तर घरच्यांना हळूच दाखवावी. ती वाळवीची वाट असते, आणि रोजच्या नजरेला ती सुटते.

आता भिंती. या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, हातभर ते दोन हात जाड. जांभा सच्छिद्र आहे. जमिनीतले पाणी तो दिव्याच्या वातीसारखा वर ओढतो. जुना चुन्याचा गिलावा श्वास घेणारा, पाणी गुडघ्याएवढे चढले की तिथून वाळून जाते. सिमेंटचा गिलावा केला की ती वाट बंद होते. पाणी मग कमरेपर्यंत, छातीपर्यंत चढते, सोबत मीठ आणते, मिठाचे खडे चिऱ्याच्या आत फुगतात आणि चिरा पिठासारखा झडतो. यालाच लोणा लागणे म्हणतात. तीन-चार वर्षांत सिमेंटचा पोपडा पडतो, पण एकटा पडत नाही, चिऱ्याचा एक थर घेऊन पडतो. प्लास्टिक इमल्शन रंगही हेच करतो. ज्या घराच्या खोलीत खालचा हातभर पट्टा नव्या चकचकीत रंगाचा आणि त्याच्या वर ओल दिसते, तिथे हेच झाले आहे असे समजावे.

उपाय जुनाच आहे. सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढावे, मशीनने नव्हे. भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्यावी. कळीचा चुना पाण्यात विझवून निदान तीन आठवडे, शक्यतो तीन महिने मुरवावा. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली, खारटपणा नसलेली नदीची रेती. किनाऱ्यावरची रेती वापरली तर मीठ आपणच भिंतीत भरतो. थर 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जाड नको, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर. ओले तरट आठवडाभर लावावे. उन्हात भराभर सुकला तर गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. वर चुन्याचा हात द्यायचा तो दुधासारखा पातळ, पाच-सहा वेळा. दाट केला तर पापुद्रे सुटतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा काळ. हिरमुजी, पिवळी माती, नीळ हे रंग चुन्यात मिसळतात. पांढरा रंग चर्चसाठी राखायचा आणि घराला रंग द्यायचा ही गोव्यातली जुनी रीत, म्हणून या दर्शनी भिंती इतक्या गडद दिसतात.

खिडक्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हात सगळ्यात जास्त इथेच लागतात. बल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या पडवीतल्या, सोप्यावर बसले की समोरच्या खिडकीत दुधी उजेडाची चौकटीचौकटीची तावदाने दिसतात. ती काचेची नाहीत. झुआरीच्या मुखाशी, चिखलीच्या खाडीत मिळणाऱ्या चपट्या शिंपल्यांची आहेत. शिंपला कापून चौकोनी करायचा आणि खाचा पाडलेल्या बारीक लाकडी पट्ट्यांत सरकवायचा. काच महाग होती तेव्हाची ही युक्ती, पण तिचा उजेड काचेहून मऊ, ऊन आत येते आणि चटका बाहेर राहतो. बोटाने दाबले की शिंपल्याचे पदर सुटतात. पाहुणे नेमके तेच करतात, 'खरंच शिंपला आहे का' म्हणून. कृपया करू नये. घरमालकांनीही शिंपले व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमच्या आम्लाने पुसू नयेत. शिंपला चुन्याचाच बनलेला, आम्लाने तो विरघळतो. कोरडा मऊ ब्रश पुरतो. पट्ट्या फुगून खिडकी अडली तर जोर लावून ढकलू नये, पावसाळा संपून लाकूड सुकेपर्यंत थांबावे. आणि फुटलेल्या तावदानाला नवा शिंपला आणावा म्हटले तर तेही सोपे नाही. हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला आहे, खाडीतून उचलता येत नाही. जुना शिंपला हाच आता एकमेव साठा, त्याबद्दल शेवटी एक विनंती आहे.

आतल्या वावराच्या काही गोष्टी सांगाव्यात असे वाटते. दोरी बांधलेली नसली तरी खुर्चीवर बसू नये. शिसव मजबूत असते, तिच्यातली वेताची वीण नसते. जुना वेत कोरडा होऊन ठिसूळ होतो, एक दोरा तुटला की भार शेजारच्यांवर येतो आणि महिनाभरात बैठक खाली जाते. वेत विणणारे हात आता मोजके उरले आहेत. वरच्या मजल्यावर चाळीस माणसांचा जथा एका खोलीत जमला की कपाटातली चिनी भांडी कशी किणकिणतात ते कान देऊन ऐकावे. दहा-बाराच्या गटात जावे, बाकीच्यांनी तोवर बागेत थांबावे. सहल काढणाऱ्यांनी हे बसमध्येच सांगून ठेवावे. फोटोसाठी खिडकी उघडायला सांगू नये. कापडाला, जुन्या तसबिरींना फ्लॅशपेक्षा थेट उन्हाचा त्रास कितीतरी अधिक. पुस्तकांना हात लावू नये. पुस्तक कण्याला वरून बोट लावून ओढले की आधी कणाच फाटतो. पुस्तके सांभाळणाऱ्यांसाठी: कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे, मागून हवा फिरावी. पावसाळी दिवशी 'हवा येऊ दे' म्हणून खिडक्या उघडल्या तर ओलच आत येते आणि बुरशी धरते. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी उघडाव्यात. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी लांब राहते, बुरशी नाही.

वेळही सांभाळावी. आधी फोन करावा. दुपारी एक ते चार घरात जेवण आणि विश्रांती असते. रविवारी सकाळी मिस्सा असते, घरात कोणी नसते किंवा सगळे घाईत असतात. 6 जानेवारीला चांदरला तीन राजांचे फेस्त, त्या दिवशी गाव पाहुण्यांनी भरलेला असतो. तेव्हा फेस्ताला यावे, घर पाहायला दुसऱ्या दिवशी. लोटलीत जुनी घरे बरीच आहेत, पण सगळी पाहण्यासाठी खुली नाहीत. मारियो मिरांडा यांचे गाव म्हणून त्यांचे घर शोधत फाटकात शिरणारे, कुंपणावरून मोबाइल धरणारे रोज भेटतात. ज्या घराबाहेर पाटी नाही ते बंद आहे असे समजून रस्त्यावरूनच पाहावे. चांदरला आलात तर कोटा वाड्यावरचा शीर नसलेला नंदीही पाहून जावा. हे गाव म्हणजे जुने चंद्रपूर, कदंबांची राजधानी. मोठ्या घरांची ही रांग त्या जुन्या नगरीच्या जागेवरच उभी आहे.

बागेसाठी केपे गाठावे. कुशावती नदीच्या काठी 1787 मध्ये जुझे पावलु द आल्मैदा या देंवाने, म्हणजे चर्चच्या डीनने, बांधलेले 'पालासियु दु देंव' हे घर आज पुन्हा उभे आहे. केपे शहर वसवले ते त्यानेच. घर पडीक झाले होते, आताच्या मालक कुटुंबाने ते दुरुस्त केले, बाग पुन्हा लावली, आणि आधी कळवले तर तिथे जेवणही मिळते. दिवाणखान्यापेक्षा बागेला जास्त वेळ ठेवावा, असे आम्ही आवर्जून सांगतो. बाग नदीकडे उतरत जाते, आणि घर कुठल्या बाजूचा वारा घेण्यासाठी बांधले आहे ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

गोव्यातल्या या परसबागा म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या झाडांची वहीच. काजू, अननस, पपई, पेरू, देवचाफा, बोगनवेल ही सगळी अमेरिका खंडातून आली. आंबा आपला, पण त्याची कलमे बांधण्याची कला जेझुइट पाद्रींनी इथे रुजवली. हापूस हे नाव अफोन्सोचे, मानकुराद हे 'मालकोरादो'चे. शेजारी अबोली, पिटकुळी, भिरंड (कोकम), बिमला (बिलिंबी), निरफणस. मे महिन्यात गेलात तर बागेतून फळ उचलण्याआधी विचारावे. पडलेला मानकुरादही घरच्यांच्या लोणच्याचा असतो.

बागेने घराचे नुकसानही होते, आणि ते हळूहळू होते म्हणून लक्षात येत नाही. माड छपराजवळ असेल तर एक सुकलेली झावळ दहा-बारा कौले घेऊन पडते. पावसाआधी पाडेल्याकडून, म्हणजे माडावर चढणाऱ्याकडून, झावळ्या आणि सुके नारळ काढून घ्यावेत. जोत्याला चिकटून क्रोटनचा वाफा करू नये, त्याला घातलेले पाणी जांभा पितो. जोत्यापासून निदान दोन फूट पट्टा खडी घालून मोकळा ठेवावा, उतार घरापासून बाहेर. अलीकडे अंगणात सिमेंटचे पेव्हर थेट भिंतीपर्यंत बसवतात. ते दिसायला स्वच्छ, पण अंगणातली वाफ बाहेर पडायची जागा बंद करून ती भिंतीत ढकलतात. भिंतीत पिंपळाचे रोप उगवले तर ते दोन पानांवर असतानाच मुळासकट काढावे. बोटाएवढे जाड झाल्यावर ओढू नये, चिराच निखळतो. बुंधा कापून, त्याला भोक पाडून आत झाडमारक औषध भरावे, मूळ पूर्ण वाळल्यावर सांधा चुन्याने बंद करावा.

कधी जावे, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत. बाग हिरवी, हवा कोरडी होत आलेली, डिसेंबरची गर्दी अजून नाही. पावसाने छपराचे काय केले तेही तेव्हाच नीट दिसते.

शेवटी ती विनंती, आणि तिच्यासाठी आपले वृत्तपत्रच उपयोगी पडेल. सासष्टीत दरवर्षी जुनी घरे पाडली जातात. शिसव आणि सागाचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. शिंपल्यांची तावदाने, जुनी नळीची कौले, चुन्यातली फरशी मात्र ट्रॉलीत भरून खड्ड्यात टाकली जाते. शेजारच्याच गावात त्याच शिंपल्यांवाचून खिडकीला प्लायवूड मारलेले असते. पाडकामाच्या आधी मालकाने आपल्या छोट्या जाहिरातींत दोन ओळी दिल्या, आणि त्या आपण विनाशुल्क छापल्या, तर दुरुस्ती करणारे स्वतः येऊन, स्वतःच्या खर्चाने, खिडक्या चौकटीसह उतरवून नेतील. चौकट न सोडता, उभ्या स्थितीत, मध्ये गोणपाट घालून नेली तर शिंपले फारसे फुटत नाहीत. आडवी रचली तर खालच्या दोन खिडक्यांचा चुरा होतो.

आपले,
जुन्या घरांच्या डागडुजीचे काम करणारे काही जण, सासष्टी